कयाक ट्रिपला आग पेटवायला काय न्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरचे चौघं जण डिसेंबरच्या शेवटी वैनगंगेवर, गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला कयाक (वल्ह्याची अरुंद नाव) घेऊन दोन मुक्काम करणार, आणि पुढच्या ऑगस्टात लडाखला झांस्कर नदीवर राफ्टिंगला जाणार. ऑनलाइन कार्टमध्ये फेरो रॉड (खरवडून ठिणग्या पाडायची धातूची कांडी), ‘स्टॉर्मप्रूफ’ काड्या, बॅटरीवरचा, विजेच्या ठिणगीचा प्लाझ्मा लायटर आणि किचेनला अडकवायची ‘परमनंट मॅच’ असं सगळं टाकून ठेवलंय. यातलं अडीअडचणीला भरवशाचं कोणतं?

सरळ उत्तर आधी देतो. पानठेल्यावर मिळतो तो साधा चाकाचा गॅस लायटर, प्रत्येकाकडे एक. चौघांत मिळून दोन फेरो रॉड. आणि प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटच्या खिशात, पाण्यात बुडवून काढलं तरी पाचेक मिनिटं जळत राहील असं पेटवण, म्हणजे काटक्या पेट घेईपर्यंत खाली जळत राहणारं सामान. प्लाझ्मा लायटर आणि परमनंट मॅच कार्टमधून काढून टाका. स्टॉर्मप्रूफ काड्या ठेवायच्या तर ठेवा, पण त्यांच्यावर विसंबू नका.

आता हे असं का ते सांगतो, कारण तुमच्या कार्टमध्ये ठिणगी पाडायच्या चार वस्तू आहेत आणि पेटवण एकही नाही. बहुतेकांचं असंच होतं. ठिणगी कशाने पाडायची यावर लोक तासभर वाद घालतील, पण माझ्या पाहण्यात आग ठिणगीपाशी फारशी अडत नाही. अडते ती त्यानंतरच्या पाच मिनिटांत. काडी पेटते, कागद जळतो, वरच्या दोन-चार काटक्या धूर सोडतात आणि खेळ खलास. ओल्या लाकडातलं पाणी आधी वाफ होऊन जावं लागतं. ते जाईपर्यंत लाकूड शंभर अंशांच्या आसपासच घुटमळतं, आणि त्यातून पेट घेणारा वायू निघायला त्याच्या दुप्पट-तिप्पट तापमान लागतं. साधी आगकाडी दहा-बारा सेकंद जळते. तेवढ्यात ओली काटकी कोमट होते, बस. म्हणून खर्च आणि डोकं दोन्ही लावायचं ते पेटवणावर. ते चांगलं असेल तर ठिणगी कशाचीही चालते.

दुसरी गोष्ट हातांची. आगीची गरज पडणार कधी, तर कोणी पाण्यात पडून भिजलाय, सूर्य बुडालाय, वारा सुटलाय तेव्हा. नागपूर म्हटलं की लोकांना मे महिना आठवतो, पण २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंशांची नोंद आहे, आणि तुम्ही जाताय ते नेमके तेच दिवस. उघड्या बॅकवॉटरच्या काठावर, ओल्या कपड्यांत, वाऱ्यात, सात-आठ अंश म्हणजे काय ते घरात बसून कळत नाही. पाण्यात शरीराची उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने जाते. दहा-पंधरा मिनिटं थंडगार पाण्यात राहिलेल्या माणसाची बोटं चिमटीत आगकाडी धरू शकत नाहीत, शर्टाचं बटणही काढू शकत नाहीत. म्हणून कुठलीही वस्तू घेताना एकच पाहायचं: हात ओले, बोटं बधिर, अंधार आणि मदतीला कोणी नाही, अशा वेळी ही वापरता येईल का? प्लाझ्मा लायटर, नाजूक झाकणाच्या डब्या, पातळ काड्या हे सगळं इथेच बाद होतं.

तिसरी गोष्ट जागेची. कयाक उलटली आणि वाऱ्याने दूर गेली तर तुमच्याकडे उरतं ते फक्त अंगावरचं. हॅचमधल्या (कयाकच्या झाकणाच्या कप्प्यातल्या) ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, ठेवलेली आगपेटी त्या वेळी त्या कयाकची असते, तुमची नाही. लायटर आणि पेटवण लाइफ जॅकेटच्या चेनच्या खिशात, दोरीने आत बांधलेलं. हॅचमध्ये दुसरा संच ठेवा, तो चहासाठी आणि शेकोटीसाठी. अंगावरच्या संचाला चहासाठी हात लावायचा नाही, हे चौघांत आधीच ठरवून घ्या. नाहीतर पहिल्या संध्याकाळीच कोणीतरी ‘फक्त एकच फुलवात’ म्हणून सुरुवात करतो.

लायटर

लायटर आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकचा घ्या, म्हणजे गॅस किती उरलाय ते कळतं. ‘टक’ करून पेटणारा बटणाचा नको. त्यातली ठिणगी विजेची असते, ओलावा लागला की ती भलत्याच वाटेने जाते आणि तो वाळेपर्यंत काही करता येत नाही. चाकाचा लायटर भिजला तर जिवंत करता येतो. उलटा करून जोरात झटकायचा, चाकावर आणि ज्योतीच्या भोकावर दोन-चारदा जोरात फुंकर मारायची. मग चाक कोरड्या कपड्यावर हळूहळू घासत फिरवायचं, बटण न दाबता. कपडा कोरडा नसेल तर केसांत, काखेत, जिथे ओल कमी असेल तिथे. पहिले काही फेरे नुसताच ओला राखाडी चिखल निघतो. तो लायटरच्या आतल्या दगडाची भुकटी असते. नंतर एखादी अशक्त ठिणगी दिसते, मग दोन-तीन, आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत ज्योत येते. हे घरी बादलीत लायटर बुडवून करून पाहा, सांगून कळण्यासारखं नाही.

दोन बारीक कामं आधीच करून ठेवा. चाकावर लहान मुलांना पेटवता येऊ नये म्हणून जी पत्र्याची पट्टी असते ती पकडीने काढून टाका, बधिर अंगठ्याने ती दाबली जात नाही. आणि बटणाखाली सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग अडकवा, म्हणजे खिशात दाब पडून गॅस निघून जाणार नाही. ही रिंग पुढे पेटवण म्हणूनही कामी येते, ते खाली सांगतो.

फेरो रॉड

लायटरमधला दगड आणि फेरो रॉड एकाच जातीचे. सेरियम वगैरे धातूंचं लोखंडाशी केलेलं मिश्रण, ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. खरवडलं की निघालेले कण हवेतच पेट घेतात आणि त्यांचं तापमान तीन हजार अंशांच्या घरात जातं. भिजला तरी पुसून लगेच चालतो, गॅस संपायची भानगड नाही, उंचीवर आणि थंडीत फरक पडत नाही. पण ज्योत देत नाही, नुसती ठिणगी देतो. पुढे कापसासारखं काही तयार नसेल तर रॉड घेऊन बसलेला माणूस नुसता दिवाळी साजरी करतो.

रॉड आठ-दहा मिलिमीटर जाड आणि बोटाएवढा लांब घ्या. किचेनला लटकणारे काडीएवढे बारीक रॉड थंड हातांत धरवत नाहीत आणि वाकडा जोर पडला की तुटतात. नव्या रॉडवर काळा रंग असतो, तो आधी खरवडून टाका. बरेच जण ‘हा चालत नाही’ म्हणून परत पाठवतात ते याच रंगामुळे. सोबत येणारी पत्र्याची पट्टी बहुधा बोथट असते. काटकोनी, धारदार कडा असलेली कुठलीही पोलादी पट्टी चालते, तुटलेल्या हॅकसॉ पात्याची पाठही चांगली चालते. वापरताना रॉडचं टोक पेटवणावर टेकवा, पट्टी जागीच घट्ट धरा आणि रॉड मागे ओढा. पट्टी पुढे ढकलली की हात पेटवणावर आदळतो आणि रचलेलं सगळं विस्कटतं. रॉड ओल्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवला तर तो पांढुरका पडून भुसभुशीत होतो, खाऱ्या पाण्याने जास्तच. कोकणात नेणार असाल तर घासायची बाजू सोडून बाकीच्या रॉडला नेलपॉलिश लावून ठेवा.

त्याच्यासोबत मॅग्नेशियमचा ठोकळा मिळतो, तो घेऊ नका. त्याचा कीस पाडायला कोरडे हात, दहा मिनिटं आणि बंद पडलेला वारा लागतो, आणि हे तिन्ही असेल तर तुमच्यावर संकट आलेलंच नाही.

काड्या

आपल्याकडची आगपेटी ‘सेफ्टी’ जातीची. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं, लाल फॉस्फरस पेटीच्या बाजूच्या पट्टीवर असतो. म्हणजे दोन वस्तू कोरड्या ठेवायच्या आल्या. क्लोरेट पाण्यात विरघळतं, गुल धरून ठेवणारा सरस मऊ पडतो, आणि एकदा विरघळलेली काडी वाळवली तरी भरवशाची राहत नाही. गुलावर मेण लावलेल्या काड्या थोड्या तग धरतात, पण पेटीची पट्टी भिजली तर त्यांचाही उपयोग नाही. स्टॉर्मप्रूफ काड्या मात्र खरंच वाऱ्यात-पावसात जळतात, पंधरा सेकंदांच्या आसपास. त्यांचीही पट्टी वेगळी, कोरडी जपावी लागते. हॅचमधल्या संचात चार-पाच ठेवा.

परमनंट मॅच म्हणजे छोट्या डबीत भिजवलेली वात. तिच्यातलं पेट्रोल किंवा लायटर फ्लुइड झाकण कितीही घट्ट लावलं तरी उडत राहतं. नागपूरच्या उन्हात तर काही दिवसांत डबी कोरडी. नेमक्या गरजेच्या दिवशी ती भरलेली असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

पेटवण

इथे मात्र आपलं घरचं सामान बाहेरच्या महागड्या गोळ्यांना भारी पडतं.

माझी पहिली पसंती फुलवातीला. देवघरातल्या त्याच, शुद्ध कापसाच्या. मेकअप पुसायचे गोल बोळे घेऊ नका, त्यांत कधी कधी कृत्रिम धागा असतो, तो वितळून गोळा होतो. फुलवातीचा खालचा फुगीर भाग पेट्रोलियम जेलीत चांगला मळून घ्या, बोटांनी आतपर्यंत मुरवा, वरचं टोक मात्र कोरडं सोडा. कापूस वातीचं काम करतो, जेली इंधनाचं, आणि कोरडं टोक ठिणगी झेलतं. एकेक फुलवात स्ट्रॉच्या दीड-दोन इंची तुकड्यात कोंबून दोन्ही टोकं मेणबत्तीवर धरून पकडीने चिकटवली की ती पाण्याखाली टाकली तरी आत कोरडी राहते. वापरताना नळी कापायची, कापूस ओढून पिंजायचा, मग ठिणगी. साध्या फुलवातीएवढा कापूस दोन-तीन मिनिटं जळतो, लिंबाएवढा बोळा केला तर पाचपर्यंत जातो. म्हणून दोन-दोन फुलवाती एकत्र मळा. तुपातल्या तयार फुलवाती नेऊ नका. जळतात छान, पण तूप खवट होतं, वितळतं, आणि मुंग्या तुमच्या लाइफ जॅकेटच्या खिशात घर करतात.

कापूर हा दुसरा गडी. पाण्यात विरघळत नाही, पाण्यावर तरंगत तरंगत जळतो, ओल्या लाकडावर ठेवला तरी विझत नाही. लहान वडी मिनिट-दीड मिनिट टिकते, तीन-चार वड्या एकावर एक रचल्या की काटक्या वाळवण्यापुरती आग मिळते. पण त्याच्या दोन खोडी आहेत. एक, ठिणगीने तो पेटेलच याचा भरवसा नाही, त्याला ज्योत लागते, म्हणून तो लायटरचा जोडीदार. रॉड असेल तर आधी फुलवात आणि तिच्यावर कापूर. दोन, तो उडतो. घरातली कापराची डबी आपोआप रिकामी होते ते सगळ्यांनी पाहिलंय, उन्हात तापलेल्या कारमध्ये ते आणखी भराभर होतं. रबरी रिंगच्या झाकणाची बाटलीच हवी, आणि दर मोसमाला ताज्या वड्या भरायच्या. इतवारीत सुटा कापूर घेताना चुरून, जाळून पाहा. चांगला कापूर जळून मागे जवळपास काही उरत नाही. खाण्याच्या सामानापासून लांब ठेवा, पोटात गेला तर तो विषारी आहे, लहान मुलांना तर फारच.

सायकलच्या ट्यूबचे बोटभर लांब तुकडे. पाण्यात रात्रभर पडलेला तुकडा पुसून लायटर लावा, पेटतो. वास घाणेरडा, धूर काळा, हात काळे, पण वाऱ्यात टिकून जळतो आणि त्याला कसलंही पॅकिंग लागत नाही. वल्ह्याच्या दांड्यावर चार रिंगा चढवून ठेवल्या की विसर पडायचा प्रश्नच नाही. यालाही ठिणगी चालत नाही, ज्योतच हवी.

हॅचमधल्या मोठ्या संचासाठी लकडगंजला कुठल्याही आरा मशीनवर सागाचा भुसा पोतंभर मिळतो. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये भुसा दाबून भरायचा, वरून वितळलेलं मेण ओतायचं, थंड झालं की खण वेगळे करायचे. एकेक खण दहा मिनिटांच्या आसपास जळतो. मेण नेहमी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थेट गॅसवर ठेवलं तर आगीचा सराव स्वयंपाकघरातच होईल. सैन्यातल्या छोट्या शेगड्यांत वापरतात त्या हेक्सामिनच्या गोळ्याही चांगल्या, न धुमसता जळतात. पण हेक्सामिन पाण्यात विरघळतं, वेष्टन फाटलेली गोळी ओलाव्यात निकामी होते, आणि तिचा धूर तंबूत अजिबात नको.

डबी

झिपलॉकच्या पिशवीवर एकटीवर भरवसा नको, घडीच्या जागी तिला सुईएवढी भोकं पडतात आणि दिसत नाहीत. रुंद तोंडाची, आट्यांची, आत रबरी रिंग असलेली छोटी बाटली घ्या. एक बारकावा बरेच जण विसरतात. उन्हात तापलेली बाटली अचानक थंड पाण्यात पडली की आतली हवा आकसते आणि झाकणाच्या आट्यांतून पाणी आत ओढलं जातं. म्हणून नुसती नळाखाली धरून तपासणी होत नाही. आत कोरडा टिश्यू पेपर टाका, बाटली तासभर उन्हात ठेवा, लगेच फ्रिजच्या पाण्याच्या बादलीत वजन लावून बुडवा, रात्रभर राहू द्या. सकाळी कागद करकरीत कोरडा निघाला तरच ती डबी घ्यायची. झाकण ओल्या हाताने फिरत नसेल तर त्यावर ट्यूबची रुंद पट्टी चढवा.

काठावरचं जळतन

पेटवण पाच मिनिटं देतं, त्या पाच मिनिटांत त्याच्यावर काय ठेवता ते ठरलेलं हवं. परदेशी व्हिडिओत बर्च झाडाची साल दाखवतात, ती आपल्याकडे विसरा. भंडारा-पवनीच्या बाजूला डिसेंबरात काठाजवळच्या शेतांत तुराटी-पऱ्हाटी मिळते. शेतकऱ्याला विचारून एक पेंढी घेतली तर कोणी नाही म्हणत नाही. वाळलेली तुराटी म्हणजे पेन्सिलीएवढं तयार सरपण. मेलेला, उभाच वाळलेला बांबू सापडला तर सोनं. बाहेरून भिजलेला असला तरी चिरला की आतून कोरडा, आणि चाकूच्या धारेने आतली बाजू खरवडली की कापसासारखा कीस निघतो. तो कीस फुलवातीवर घाला, मग पाहा. जमिनीवर पडलेलं लाकूड उचलू नका, त्याने खालची ओल प्यालेली असते. झाडावरच अडकलेल्या, मोडताना कट्‌कन आवाज करणाऱ्या फांद्या घ्या. काठावर बेशरमाच्या वाळक्या काड्यांची रेलचेल असते, त्या पोकळ असल्याने भुर्रकन जळून जातात, सुरुवातीला चालतील, त्यांच्यावर रात्र निघत नाही. कण्हेरीच्या काटक्या चुकूनही घालू नका, तिचा धूरही अंगावर येतो.

ठिणगी पाडायच्या आधी तीन ढीग शेजारी हवेत: आगकाडीच्या जाडीचा, तुराटीच्या जाडीचा, अंगठ्याच्या जाडीचा. प्रत्येक ढीग दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढा. घाईत लोक पहिला ढीग मूठभर करतात आणि आग पेटल्यावर काटक्या शोधायला पळतात, तोवर ती विझते. जमीन ओली असेल तर खाली अंगठ्याएवढ्या काटक्या शेजारी शेजारी मांडून त्यावर रचा.

वैनगंगेवरचे ढिवर भाऊ डोंग्यातून जाताना माचिस पन्नीत गुंडाळून डोक्याच्या फडक्यात खोचतात, तुम्ही पाहिलं असेल. अंगावर, सगळ्यात उंच, सगळ्यात कोरड्या जागी. आपल्या लाइफ जॅकेटच्या खिशाचं तत्त्व तेच.

आग कुठे करायची नाही

तुमच्या मार्गाच्या एका अंगाला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य येतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे, राखीव जंगलात भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार. नकाशावर त्या हद्दी आधीच खुणावून मुक्काम दुसऱ्या काठाला ठरवा आणि पाण्यावर उतरायच्या परवानगीचं पाटबंधारे विभागाकडे विचारून घ्या. तोतलाडोहचा तर विषयच नको, तो पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनवणव्याचा काळ मानला जातो. त्या महिन्यांत सागाची वाळकी पानं जमिनीवर गुडघ्याएवढी साचलेली असतात, तेव्हा काठावर शेकोटीचा विचारही करू नका. त्या दिवसांत तुम्हाला ऊब नको, सावली हवी असते. डिसेंबरातही आग पाण्याजवळच्या उघड्या गाळावर किंवा वाळूवर, भोवतालचं गवत साफ करून, निघताना पाणी ओतून हाताने राख चाचपून पाहायची.

आणि भिजलेल्या माणसासाठी आग हा पहिला उपाय नाही. आधी वाऱ्याच्या आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडे घाला, फॉइलचं ब्लँकेट गुंडाळा, शुद्धीत असेल तर गोड काहीतरी द्या, दोघांनी दोन्ही बाजूंनी चिकटून बसा. उरलेल्या एकाने आग करायची. थरथर थांबलीय पण बोलणं अडखळतंय, चालताना तोल जातोय, अशी अवस्था झाली तर त्याला आडवं ठेवा, हातपाय चोळू नका, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. म्हणून फोनचं वॉटरप्रूफ पाकीटही लाइफ जॅकेटवरच.

सराव

निघायच्या आधी एक संध्याकाळ काढा. गच्चीवर लोखंडी घमेलं ठेवा, काटक्यांवर मगभर पाणी ओता. फ्रिजच्या बर्फाच्या पाण्यात दोन्ही हात दोन मिनिटं बुडवा, बाहेर काढून न पुसता, लाइफ जॅकेटच्या खिशातून सामान काढण्यापासून सुरुवात करा. खिशाची चेन उघडते का? बाटलीचं झाकण फिरतं का? स्ट्रॉची नळी दाताने फाडावी लागली तर फाटते का? पाच मिनिटांत मुठीएवढी, स्वतःहून जळणारी आग झाली तर तो संच तुमचा. नाही झाली तर कुठे अडली ते तिथेच दिसतं, आणि दहातल्या आठ वेळा ती झाकणापाशी किंवा मूठभर काटक्यांपाशी अडलेली असते. चौघांनीही करायचं. जो सगळ्यात कमी सराईत आहे त्याच्यापासून सुरुवात करा, कारण सराईत माणूसच पाण्यात पडला तर आग या कमी सराईतालाच करावी लागणार आहे.

झांस्करचं

ते वेगळं प्रकरण आहे. तीन हजार मीटरच्या वर तुम्हाला लाकूडच मिळणार नाही. नदीकाठची चार झुडपं तिथल्या लोकांची असतात, ती तोडायची नाहीत. तिथे स्वयंपाक आणि गरम पाणी गॅसच्या शेगडीवर, ती राफ्टिंगवाले आणतात. तुमचं काम ती शेगडी पेटवता येणं. उंचीवर बटणाचे लायटर फारच दगा देतात, चाकाचा चालतो, रॉड तर गॅसच्या बर्नरला एका ओढीत पेटवतो. लायटरमधलं ब्यूटेन शून्याच्या जवळ थंड झालं की त्याची वाफ होईनाशी होते, म्हणून लायटर रात्री झोपण्याच्या पिशवीत अंगाशी ठेवा. लाकूड नसल्याने तिथे अंगावरचा खरा विमा म्हणजे कोरड्या थर्मलचा एक जोड ड्राय बॅगेत आणि फॉइल ब्लँकेट. पेटवण चार फुलवाती पुरे.

नागपूरहून विमानाने जाणार असाल तर लायटर आणि काड्या नेता येत नाहीत, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. लेहच्या बाजारात उतरल्यावर दोन लायटर घ्या, दुकानातच दोन-तीनदा पेटवून पाहा, आणि बटणाखाली ट्यूबची रिंग अडकवा. रिंगा मात्र घरून न्या.